पाणी का आलं नाही, हे रेडिओवर विचारू द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय आणि मा. सचिव,
माहिती व प्रसारण मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय : सामुदायिक रेडिओ केंद्रांना आपल्या परिसरातल्या बातम्या देऊ देण्याबाबत

महोदय,

उद्या पाणी येणार नाही, असं मी आमच्या सामुदायिक रेडिओवरून, म्हणजे एका संस्थेनं आपल्या परिसरासाठी चालवलेल्या छोट्या केंद्रावरून, गावाला सांगू शकते. नगरपरिषदेनं तसं कळवलेलं असलं तर. पाणी का येणार नाही, दुरुस्ती कधीपासून रखडली आहे, तिचं टेंडर कुणाला गेलं, शेजारच्या प्रभागात आलेला टँकर आमच्या प्रभागात का आला नाही, यातला एकही प्रश्न मला माइकसमोर विचारता येत नाही. विचारला तर ती बातमी ठरू शकते, किंवा चालू घडामोड ठरू शकते, आणि केंद्राच्या परवान्यावर गदा येऊ शकते.

सामुदायिक रेडिओनं स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, हा नियम तुमच्या मंत्रालयाचा आहे, म्हणून पत्र तुम्हाला. ते उघड लिहिते आहे, कारण असा काही नियम आहे हे आमच्या बहुतेक श्रोत्यांना माहीतच नाही. भाजी घेताना बायका मला थांबवून विचारतात, "बाई, डाळिंबावरच्या तेल्या रोगापासून बाळाच्या लशीपर्यंत सगळं सांगता, मग आमच्या गटाराचंच तेवढं का सांगत नाही?" त्यांना वाटतं आम्ही कुणाला तरी घाबरतो. गावातल्याच कुणीतरी आमची तोंडं बंद केली असावीत, असाही एक समज आहे. तोंडं बंद आहेत हे खरं, पण ती गावातल्या कुणी केलेली नाहीत.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून गावातल्या केंद्रावर विनामानधन निवेदिका म्हणून काम करते. केंद्राचं नाव इथे देत नाही. परवाना संस्थेच्या नावावर आहे, मतं माझी आहेत आणि त्यांचा भुर्दंड संस्थेला बसू नये. शिकवत होते तेव्हा चौथीच्या वर्गाला ग्रामपंचायत आणि नगरपालिका शिकवायचे. कर कोण गोळा करतं, दिवे कोण लावतं, तक्रार कुठे करायची. मुलं पाठ करायची. आता त्याच मुलांच्या आया मला तेच प्रश्न खरेखुरे विचारतात आणि मला विषय बदलावा लागतो.

आमचं केंद्र दिल्लीतून कसं दिसत असेल कोण जाणे. प्रसारणाची शक्ती फार तर शंभर वॉट, गच्चीवर एक मनोरा, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. त्याच्या पलीकडे आमचा आवाज जात नाही आणि जावा अशी आमची इच्छाही नाही. ऐकणारं कोण? द्राक्षबागेत विरळणीला गेलेल्या बायका, वडापचे ड्रायव्हर, शिलाई मशीनवर बसलेल्या मुली, दूध संकलन केंद्रावर कॅन घेऊन थांबलेली माणसं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी पेपर येत नाही. आला तरी जिल्ह्याच्या पानावर आमच्या गावाचं नाव अपघात झाला किंवा पुढारी आले तरच दिसतं. आकाशवाणीचं प्रादेशिक बातमीपत्र मी रोज ऐकते, त्याबद्दल आदरच आहे. पण अख्ख्या महाराष्ट्राच्या त्या काही मिनिटांत आमच्या प्रभागातल्या व्हॉल्व्हची गळती यावी, अशी अपेक्षा करणं हा त्या बातमीपत्रावर अन्याय होईल.

आता नियमाचा प्रवास. तो तुम्हाला ठाऊक आहे, वाचकांसाठी सांगते. फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की प्रसारणलहरी (एअरवेव्ह्ज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी व्हायला हवा. तो निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपल्या महाराष्ट्रातले. या निकालानंतर सात वर्षांनी, डिसेंबर २००२ मध्ये, सरकारनं शिक्षणसंस्थांना कॅम्पस रेडिओ काढायची मुभा दिली, आणि २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही वाट मोकळी झाली. २००८ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या मेदक जिल्ह्यात, माचनूरला, दलित शेतकरी बायकांचा संगम रेडिओ बोलू लागला. त्याच सुमारास साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग वाहिनी आली. बारामतीची शारदा कृषी वाहिनी, जालिहाळची येरळा वाणी, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी. देशात आज अशी पाचशेपेक्षा जास्त केंद्रं आहेत.

या सगळ्यांना २००६ च्या धोरणानं एक अट घातली : बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचं काहीही प्रसारित करायचं नाही. २०१७ मध्ये ती थोडी सैल केली. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा, किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून, आम्ही देऊ शकतो. शिवाय काही विषय बातमी समजले जाणार नाहीत असं ठरलं : वाहतूक आणि हवामान, सण-उत्सव, परीक्षा आणि प्रवेश, नोकरीच्या संधी, खेळांची माहिती. आणि वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे यांविषयीच्या सूचना. मात्र या सूचना स्थानिक प्रशासनानं पुरवलेल्या असाव्यात.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार या शेवटच्या अटीबद्दल आहे. पाणी नगरपरिषद देते. पाणी आलं नाही हे सांगण्याचा अधिकारही नगरपरिषदेकडेच. ज्याच्या कामाबद्दल बोलायचं त्यानंच ते काम कसं चाललंय ते कळवायचं, आणि आम्ही ते वाचून दाखवायचं. जुन्या काळी गावात दवंडी पिटणारा असायचा. पाटलानं सांगितलेलं तो चौकाचौकांत ओरडून सांगे. त्याला कुणी उलट प्रश्न विचारत नसे आणि त्यानं पाटलाला विचारावा हा तर प्रश्नच नव्हता. तुमच्या धोरणानं आम्हाला स्टुडिओ दिला, मिक्सर दिला, मनोरा दिला आणि काम मात्र दवंडीवाल्याचंच ठेवलं.

हे हवेतलं बोलणं नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या दोन प्रभागांत नळाला गढूळ पाणी येत होतं. मी रेकॉर्डर घेऊन गेले. बायकांनी बाटल्या भरून आणल्या. एकीनं पाणीपट्टीची पावती काढून दाखवली, "हे बघा, आम्ही थकबाकीत नाही." एका आजींनी नदीतली पातळी, जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) आणि गाळ यांचं नातं असं समजावून सांगितलं की माझा निम्मा कार्यक्रम तिथेच झाला. मग मी पाणीपुरवठ्याचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे गेले. त्यांनीही टाळाटाळ केली नाही. फिल्टरमधली वाळू बदलायचं काम लांबलंय, ते का लांबलंय, तोपर्यंत काय करता येईल, सगळं सांगितलं. दोन्ही बाजू आलेला, कुणाची उणीदुणी न काढणारा कार्यक्रम तयार झाला. तो प्रसारित झाला नाही. संस्थेतल्या मंडळींनी ऐकला, चांगला झालाय म्हणाली आणि बाजूला ठेवला. परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद तेव्हा दिल्लीत होते. त्याऐवजी आम्ही "पाणी उकळून, गाळून प्या" ही सूचना दिवसभर अधूनमधून लावली. सूचना योग्यच होती. पण गॅस कितीला आहे आणि घरात माणसं किती, हा हिशेब ज्यांना करावा लागतो त्या बायकांना ती ऐकून काय वाटलं असेल, ते मला दुसऱ्या दिवशी रस्त्यात कळलं.

संस्थेला मी दोष देत नाही. नियम मोडला तर आधी काही काळ प्रसारण बंद, पुन्हा पुन्हा झालं तर परवानाच रद्द, अशी तरतूद आहे. ज्या केंद्राचा महिन्याचा खर्च कसाबसा निघतो, ते महिनाभर बंद राहिलं तर पुन्हा उभं राहणं कठीण.

दुसरी तक्रार यातूनच येते. चालू घडामोड म्हणजे नक्की काय, हे कुणालाच धडपणे ठाऊक नाही. डेंग्यूचा डास कसा ओळखावा हे सांगितलेलं चालतं, असं आम्ही धरून चालतो. पण आमच्या गल्लीत फवारणी झालेली नाही, हे? ई-पीक पाहणी मोबाइलवर कशी करायची ते चालतं. पण पंचनाम्याला कुणी आलंच नाही, हे? अमुक वळणावर वाहतूक खोळंबली आहे, हे तर तुमच्या यादीतच आहे. त्याच वळणावर वर्षभर अपघात होत आहेत आणि गतिरोधक मागूनही मिळत नाही, हे कुठे बसतं? रेशन दुकानातलं मशीन बंद आहे, त्यामुळे म्हातारी माणसं हेलपाटे घालताहेत, ही योजनेची माहिती की प्रशासनावरची टीका? उत्तर कुणाकडेच नसतं, म्हणून प्रत्येक जण आपापल्या भीतीप्रमाणे कात्री लावतो. निवेदक लावतो, मग कार्यक्रम समन्वयक, मग संस्थेचे सचिव. तुमच्यापर्यंत काही पोचायच्या आत ते कापून झालेलं असतं. नियमभंगाच्या तक्रारी फारशा येत नाहीत याचं मंत्रालयाला समाधान वाटत असेल, तर ते असं मिळालेलं आहे.

तिसरी गोष्ट पुराची. ती जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या भागात हा प्रश्न जिवावरचा आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली. वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले. ज्यांच्या फोनला थोडं चार्जिंग उरलं होतं त्यांच्याकडे धरण फुटल्याच्या अफवा येत होत्या. लोकांनी रात्री गच्चीवर सामान चढवलं ते खरी बातमी ऐकून की खोटी, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला.

अशा वेळी सेलवर चालणारा रेडिओ हे एकच साधन हातात उरतं. आणि अशा वेळी लोकांना हवी असते ती अगदी जवळची माहिती. आयर्विनला पाणी इतके फूट, हे आम्ही सांगतोच. पण ऐकणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो : ओढ्याचं पाणी मागं सरून आमच्या वाडीत कधी येईल, कुठला रस्ता अजून चालू आहे, छावणीत जनावरं घेतात का, बोट कुठल्या घाटाला लागते. ही माहिती तहसील कार्यालयाकडे लगेच नसते, त्यांच्याकडून ती संध्याकाळी येते. ती असते काठावरच्या माणसांकडे, कोतवालाकडे, बोट चालवणाऱ्या पोरांकडे. त्यांना फोनवर घेऊन थेट बोलू द्यावं, तर ते प्रशासनानं पुरवलेलं नाही. अधिकारी माणसं तेव्हा रात्रंदिवस राबत असतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्याकडून कागद येईपर्यंत आम्ही गाणी लावून बसावं, ही अपेक्षा चुकीची आहे.

नेपाळकडे बघा. तिथे रेडिओ सगरमाथा १९९७ मध्ये सुरू झाला, दक्षिण आशियातला पहिला स्वतंत्र सामुदायिक रेडिओ. आज तिथे डोंगराडोंगरांत अशी केंद्रं आहेत आणि ती गावच्या बातम्या देतात. २०१५ च्या भूकंपात इमारती पडल्या तेव्हा त्यांतल्या काहींनी तंबूतून प्रसारण केलं. मदतीचा ट्रक कुठे पोचला आणि कुठे पोचला नाही, हे त्यांनी सांगितलं; 'पोचला नाही' हेसुद्धा. त्या देशातही एफएमवरच्या बातम्यांवर एकदा बंदी आली होती. फेब्रुवारी २००५ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता हाती घेतली तेव्हा. रेडिओवाले न्यायालयात गेले आणि बातम्या परत सुरू झाल्या. राजानं आणीबाणीत जे केलं ते आपल्याकडे लोकशाहीत वर्षानुवर्षं शांतपणे चाललं आहे, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

चौथी तक्रार सापत्नभावाची. आमच्याच गावात मोबाइलवर चालणारी यूट्यूबची बातम्यांची चॅनेलं आहेत. काही चांगली आहेत, काही फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छांवर चालतात. त्यांना परवाना लागत नाही. दूरचित्रवाणीवर शेकडो वृत्तवाहिन्या आहेत. खासगी एफएमसाठी ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली की त्यांना तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात. माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आहे. त्याखाली मी नगरपरिषदेकडून टेंडरची प्रत मिळवू शकते. ती घराच्या भिंतीवर चिकटवू शकते, व्हॉट्सअॅपवर फिरवू शकते, हळदी-कुंकवाला जमलेल्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवू शकते. फक्त रेडिओवर वाचू शकत नाही. ग्रामसभा कायद्यानं उघड्यावर भरते, तिथे गावातला कुणीही येऊन बसतो. पण ग्रामसभेत काय ठरलं, हे शेतात अडकल्यामुळे न आलेल्या बाईला तिच्याच गावच्या रेडिओनं सांगायचं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तुम्ही धोरणात सुधारणा केली तेव्हा मला खरंच आशा होती. परवान्याची मुदत दहा वर्षं झाली. जाहिरातींचा वेळ तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटं झाला. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ झाला. हे सगळं हवंच होतं. केंद्राच्या सल्लागार आणि आशय समितीत निम्म्या बायका असाव्यात असंही तुम्ही घातलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्या समितीत बसून आम्ही बोलायचं कशावर, तेही सांगा. बायकांचं निम्मं आयुष्य पाणी, रेशन, दवाखाना, शाळेचा रस्ता आणि रात्रीचे दिवे यांतच जातं. नेमकं तेच वगळून उरतात पाककृती, मेंदी आणि बचत गटाची मुलाखत. मेंदीला माझा विरोध नाही. बारा मिनिटं साबण विकायला मिळाली, आणि गावाबद्दल खरं बोलायला एकही नाही, हा हिशेब मला पटत नाही.

निवडणुकीबद्दल फार लिहीत नाही. राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदा वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती होत्या, नगरसेवकच नव्हते. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. आम्ही "मतदान करा" एवढंच सांगत राहिलो. सगळ्या उमेदवारांना सारखा वेळ देऊन प्रभागाच्या प्रश्नांवर बोलतं करता आलं असतं. प्रचाराच्या भोंग्यांपेक्षा ते नक्कीच बरं ऐकू आलं असतं.

आता तुमच्या बाजूनं जे सांगितलं जातं त्याकडे येते. कॉमन कॉज या संस्थेनं २०१३ मध्ये या बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यावर सरकारनं सुरक्षेचं कारण पुढे केलं होतं. म्हणजे चुकीच्या हातात माइक गेला तर काय. महोदय, आमच्या केंद्राचा पत्ता तुमच्याकडे आहे. गृह मंत्रालयासह इतर खात्यांनी तपासल्याशिवाय परवाना मिळत नाही. प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवणं आम्हाला बंधनकारक आहे. आकाशवाणीची कार्यक्रम संहिता आम्हाला लागू आहे. इतकं तपासलेलं, इतकं हाताशी असलेलं आणि इतक्या छोट्या टापूतलं माध्यम दुसरं कुठलं आहे? अफवा जिथून निघतात तिथे परवाना नाही, पत्ता नाही, ध्वनिमुद्रणही नाही. तिथली अफवा खोडायची तर ती खरी बातमीच खोडू शकते, आणि तीच द्यायला आम्हाला मनाई.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे शिक्षणसंस्था आणि ट्रस्ट बऱ्याचदा कुठल्या ना कुठल्या पुढाऱ्याच्या घरातले असतात. उद्या बातम्यांची मुभा मिळाली तर काही केंद्रं साहेबांचं गुणगान करतील आणि विरोधकांची धुणी धुतील. होईल असं काही ठिकाणी. त्यावर उपाय आहेत : ज्याच्याबद्दल बोललं त्याला त्याच कार्यक्रमात उत्तर द्यायची संधी, तक्रार ऐकणारी स्वतंत्र समिती, निवडणुकीच्या काळात सर्वांना समान वेळ. वर्तमानपत्रंही मालकांचीच असतात. म्हणून कुणी वर्तमानपत्रांतून बातम्या काढून टाकल्या नाहीत.

दोन शब्द आमच्या भागातल्या कार्यालयांनाही. दिल्लीच्या नियमाकडे बोट दाखवून तुमची सुटका होणार नाही. जी माहिती आजच्या नियमांत बसते तीसुद्धा तुम्ही केंद्राला कळवत नाही. पाणी सोडण्याच्या वेळा बदलल्या तर त्या व्हॉट्सअॅपच्या गटावर येतात, विजेचा शटडाऊन कधी तो आदल्या रात्री कळतो, लसीकरणाची तारीख आम्हालाच विचारत फिरावं लागतं. मुलाखतीला बोलावलं की "साहेब मीटिंगमध्ये आहेत." पण सत्काराचा कार्यक्रम असला की निमंत्रण वेळेवर येतं, गाडीसुद्धा येते. रोज सकाळी अर्ध्या पानाचं निवेदन पाठवायला एक माणूस नेमा. त्यासाठी कुठल्याही धोरणाची वाट बघायची गरज नाही.

मंत्रालयाकडे माझ्या मागण्या अशा :

सामुदायिक रेडिओ केंद्रांना आपल्या प्रसारणाच्या टापूतल्या बातम्या स्वतः गोळा करून देण्याची परवानगी मिळावी. नगरपरिषद, ग्रामसभा, पंचायत समिती, पाणी, रस्ते, आरोग्य, शाळा, शेती, बाजार. देशाच्या राजकारणावर चर्चा करायची आम्हाला हौस नाही, ती करणारे पुष्कळ आहेत.

हे व्हायला वेळ लागणार असेल, तर तोपर्यंत नागरी सुविधांच्या माहितीला असलेली 'प्रशासनानं पुरवलेली' ही अट काढावी. केंद्राच्या माणसानं स्वतः पाहिलेली, दोन ठिकाणी विचारून खात्री केलेली माहिती चालावी. आणि प्रशासनानं उत्तर दिलं तर ते त्याच वेळेला, तितक्याच आवाजात लावायची जबाबदारी आमची.

पूर, भूकंप, वादळ, साथ अशा वेळी इशारा निघाल्यापासून केंद्रांना लोकांशी थेट बोलायची आणि त्यांनी दिलेली माहिती प्रसारित करायची पूर्ण मोकळीक असावी. ही मागणी पुढच्या पावसाळ्याच्या आत मान्य व्हायला हवी. बाकीच्यांना थोडा धीर धरता येईल, हिला नाही.

काय चालतं आणि काय चालत नाही, याची उदाहरणांसह पुस्तिका मराठीत आणि इतर भाषांत काढावी. आणि एखाद्या कार्यक्रमाबद्दल केंद्रानं आधी विचारलं, तर ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावं. मुदतीत आलं नाही तर होकार समजावा.

तक्रार आली की थेट प्रसारण बंद, असं होऊ नये. नोटीस द्यावी, बाजू ऐकावी, ध्वनिमुद्रण ऐकावं. ऐकणाऱ्यांत एक तरी माणूस असा असावा ज्याला आमची बोली कळते. "तुमच्या डोंबलाची नगरपालिका" हे वाक्य दिल्लीत वाचलं तर धमकी वाटेल, इथे त्यावर लोक हसतात.

शेवटची मागणी शिकवण्याची. बातमी कशी तपासायची, मृताचं नाव केव्हा सांगायचं, लहान मुलाची ओळख कशी जपायची, हे आमच्यातल्या अनेकांना शिकवायला हवं, मलासुद्धा. आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागांकडे हे ज्ञान अनेक वर्षांचं आहे. त्यांनी आम्हाला शिकवावं. त्यांच्या बातम्या वाचून दाखवायची परवानगी दिलीत, आता त्यांचं कामही शिकू द्या.

पैशांबद्दल इथे काही मागत नाही. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर केंद्रांच्या संघटना बोलतच असतात.

हे पत्र मला आमच्या रेडिओवरून वाचून दाखवता आलं असतं तर इथे छापायची गरज पडली नसती. ते चालू घडामोडीत मोडतं की नाही, हे विचारलं तेव्हा आमच्या स्टुडिओत तिघांची तीन मतं पडली. तेव्हा उत्तर देताना तेवढंही कळवावं. उत्तर मराठीत आलं तर बरं होईल. इंग्रजीत आलं तरी हरकत नाही. भाषांतर करून वाचायची परवानगी आम्हाला २०१७ पासून आहेच.

आपली,
एक सामुदायिक रेडिओ निवेदिका,
कृष्णाकाठ